मामंजींचा हात आणि विजेची पेटी

गेल्या महिन्यात फोनवर तू सांगितलंस की गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुझ्या मांडीला विजेच्या पट्ट्या चिकटवतात आणि स्नायू तुला न विचारता उडतो. तुला त्याचं हसू येत होतं. मागून तुझ्या भावाने विचारलं, "आजी, तुझ्या काळी असलं काही होतं का गं?" माझा काळ म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा समया आणि बैलगाड्या असाव्यात. बाळांनो, होतं. आमच्या कलकत्त्याच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी होतं. फोनवर सांगायला ती हकिगत लांब आहे, आणि तुम्ही मधे प्रश्न विचारलेत की माझा क्रम बिघडतो. म्हणून लिहून पाठवते.

आधी माणसं सांगते, म्हणजे पुढे घोटाळा नको. मामंजी म्हणजे माझे सासरे, तुमचे पणजोबा. त्यांची सगळी नोकरी तारखात्यात झाली. बदलीवर कलकत्त्याला आले आणि निवृत्त झाल्यावरही इथेच राहिले, कारण पुण्याला गेलं की सगळे त्यांना सल्ला देत आणि इथे सगळ्यांना सल्ला देणारे तेच. घरात सासूबाई होत्या, आणि मामंजींच्या विधवा बहीण होत्या, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू. तुमचे आजोबा तेव्हा बँकेत होते. धाकट्या वन्संचं, म्हणजे आजोबांच्या बहिणीचं, लग्न जमत आलं होतं. मी इंग्रजी घेऊन बी. ए. झाले होते. त्या पदवीचा घरात उपयोग एवढाच की कोणी इंग्रजीतून बोललं की मला स्वयंपाकघरातून हाक मारली जाई, आणि तो गेला की परत पाठवलं जाई.

पन्नास साल नुकतंच उलटलं होतं. एका सकाळी दाढी करताना मामंजींच्या हातातून ब्रश पडला. तो उचलायला ते वाकले ते तिथेच कोसळले. अर्धांगाचा झटका होता आणि मोठा होता. पहिले काही दिवस ते आम्हाला ओळखतही नव्हते. मग हळूहळू ओळख आली, वाचा आली, थोडी जड, पण हुकूम द्यायला पुरेशी. दिवाळीपर्यंत काठी टेकत ते खोलीतून टेबलापर्यंत येऊ लागले. उजवा हात मात्र आला नाही. तो त्यांच्या मांडीवर दुसऱ्या कोणाचा तरी ठेवायला दिल्यासारखा पडून असे.

तेव्हापासून आमच्या घरात सेवा सुरू झाली. सेवा म्हणजे आजारी माणसाला स्वतःचं काहीही करू न देणे, ही व्याख्या आमच्याकडे कोणाला शिकवावी लागत नाही. सासूबाई आणि आत्याबाई यांच्यात मामंजींना भरवण्यावरून इतकी चुरस लागली की शेवटी तुमच्या आजोबांनी वाटणी करून दिली. सकाळचं जेवण सासूबाईंकडे, रात्रीचं आत्याबाईंकडे. सासूबाईंचा घास मोठा, आत्याबाईंचा लहान पण तुपाने निथळता. तारखात्यात ज्यांच्यापुढे माणसं उभी राहत, ते मामंजी "आ करा" म्हटलं की आ करत. नको म्हणायला तोंड मोकळं लागतं, आणि ते त्यांना कोणी मिळू देत नव्हतं.

अशात वन्संच्या होणाऱ्या सासऱ्यांचं पत्र आलं. संक्रांतीनंतर नागपूरहून ते मेलगाडीने येणार, एक दिवस आमच्याकडे जेवणार आणि लग्नाची तारीख पक्की करून जाणार. मामंजी "जरा आजारी" होते एवढंच त्यांना कळवलेलं होतं. पहिल्या जेवणाला दोन्ही व्याही शेजारी शेजारी बसतात. त्या दुपारी मामंजींनी सासूबाईंचा घास तोंडात घेतला, सावकाश गिळला आणि पुढच्या घासाच्या आधी मान वळवली.

"त्या माणसाशेजारी मी बसेन तर माझ्या हाताने जेवायला," ते तुमच्या आजोबांना म्हणाले. "नाहीतर मी आतल्या खोलीत. मेलो म्हणून सांगितलंत तरी चालेल."

आजोबांनी मला बोलावलं. मी सुचवलं की डाव्या हातात चमचा धरून सवय करावी. ही सूचना बी. ए. झालेल्या बाईकडूनच येऊ शकते अशा नजरेने सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. डाव्या हाताने, अन्नाला, आणि तेही व्याह्यांसमोर. मामंजींना विचारलं तर ते म्हणाले की चमच्याने औषध घेतात, जेवत नाहीत. विषय मिटला.

आमचे डॉक्टर बंगाली होते, शांत स्वभावाचे. त्यांना सगळं सांगितल्यावर ते म्हणाले की विजेचे उपचार करून बघू, फार आशा ठेवू नका. त्यातलं दुसरं वाक्य घरात कोणी ऐकलं नाही.

अशी आमच्याकडे मिस आली. तिचं आडनाव मी सांगणार नाही, घरातही ते कोणी उच्चारलं नाही. सगळे मिसच म्हणत. अँग्लो-इंडियन, मध्यम वयाची, पांढऱ्या कडक कपड्यांतली. युद्धात लष्करी दवाखान्यात जखमी सैनिकांचे हातपाय तिने चालते केले होते. तिच्या हातात शिसवी लाकडाची पेटी होती. आत तांब्याच्या तारेचं गुंडाळं, एक पितळी बटण, कोरडी बॅटरी आणि दोन लांब वायरी. वायरींच्या टोकांना फडक्यात गुंडाळलेल्या धातूच्या पट्ट्या. मिसने मिठाचं पाणी मागितलं, पट्ट्या त्यात भिजवल्या आणि मामंजींच्या कोपराच्या खाली, हाताच्या पाठच्या बाजूला, रबरी पट्ट्याने बांधल्या. पेटी कुरकुरली, आणि महिनोन्महिने मिटत चाललेली मामंजींची बोटं पाकळ्यांसारखी उघडली. बटण सोडलं की मिटली. पुन्हा उघडली.

सासूबाई रडायला लागल्या. आत्याबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मामंजी आपल्या हाताकडे बघत राहिले आणि जड जिभेने म्हणाले, "आयुष्यभर मी लोकांना करंट पाठवला. आता घ्यायची वेळ आली."

मिसचं म्हणणं मी मराठीत सांगत होते. वीज स्नायूला फक्त आठवण करून देते. पेटी कुरकुरली की रुग्णाने स्वतः मनाने बोटं उघडायची धडपड करायची, नाहीतर तो कळसूत्री बाहुली होऊन बसेल. आणि दिवसभर जमेल ते त्याच हाताने करायचं. किमान पोळीचा तुकडा तरी त्याच हातात धरायचा. सासूबाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. मिस जिना उतरत असतानाच त्यांनी वरणभात कालवायला घेतला.

"एवढा करंट खाल्लाय त्यांनी," त्या म्हणाल्या. "आता विश्रांती नको का?"

मिस आठवड्यातून दोनदा येई. पेटी जड होती, ट्राममधून नेणं त्रासाचं, म्हणून ती आमच्याकडेच राही आणि मधल्या दिवशी तुमच्या आजोबांनी ती चालवायची असं ठरलं. पट्ट्या कुठे बांधायच्या ते मिसने मामंजींच्या हातावर शाईने खूण करून दाखवलं. भिंतीतल्या विजेशी पेटीचा संबंध जोडलात तर मी पेटीही नेईन आणि पोलीसही आणीन, असंही ती म्हणाली. पुढच्या खेपेला तिने झाकणावर बोट फिरवून विचारलं की हा लाल गंज कसला. मी सांगितलं की गंज नाही, हळदकुंकू आहे. तिने थोडा वेळ विचार केला आणि ते तारांच्या आत जाऊ देऊ नका एवढंच म्हणाली.

पेटीची बातमी कलकत्त्याच्या मराठी घरांत पसरायला वेळ लागला नाही. आपण इनमीन मूठभर लोक, त्यामुळे एकाच्या घरी नवं भांडं आलं तरी ते बाकीचे बघून जात. इथे तर माणूस उडवणारं यंत्र होतं. समाचाराला म्हणून माणसं येत, मामंजींना "काय, बरं आहे ना" विचारत आणि उत्तराची वाट न बघता पेटीकडे वळत. वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई, त्यांना आम्ही मासीमा म्हणत असू, त्यांनी कंबरेसाठी विचारलं. एका गृहस्थांनी, मी तुमच्या आजोबांच्या शेजारी उभी असताना, दबल्या आवाजात टकलाबद्दल चौकशी केली. ज्यांना काहीच होत नव्हतं तेही "बघू, जरासा लावा" म्हणून मनगट पुढे करत, ओरडत आणि तरतरी आली असं सांगून चहा पीत. बॅटरी उतरली तेव्हा मिसला वाटलं की मामंजी फार मेहनत घेत आहेत.

मेहनत ते घेत नव्हते असं नाही. पण त्यांनी घ्यायची किती, हा प्रश्न होता. पेटी कुरकुरली की ते ओठ आवळून प्रयत्न करत. तसं दिसलं की सासूबाई म्हणत, "ताण नका हो देऊ जिवाला, ते यंत्र करतंय ना." आणि जेवणाच्या वेळी तो हात पंचाखाली झाकून ठेवला जाई, वारा लागू नये म्हणून.

आता डमडमचे काका सांगते. हे मामंजींच्याच खात्यातले, त्यांच्या हाताखाली नोकरी केलेले, निवृत्त होऊन डमडमला राहणारे. दर रविवारी लोकलने सियालदहला आणि तिथून ट्रामने आमच्याकडे येत. वाटेत सियालदहच्या फलाटावर निर्वासितांचे संसार मांडलेले असत, त्यांतून पाय जपून टाकत यावं लागे, आणि आल्याबरोबर ते त्याचं वर्णन सांगत. मग ते मामंजींच्या समोर बसत, आणि मामंजींनी "बसा" म्हटल्याशिवाय नाही. विजेतलं आपल्याला सगळं कळतं याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. तारांतली वीज आणि माणसातली वीज यांत फरक असू शकतो हे त्यांच्या गावी नव्हतं.

एका रविवारी त्यांनी उपचार पाहिला आणि चष्मा काढला. "साहेब, माफ करा," ते म्हणाले, "पण ही बाई उलट्या बाजूला बांधतेय."

काकांनी समजावून सांगितलं. आपल्याला साहेबांना जेवतं करायचंय. जेवायचं म्हणजे घास घ्यायचा. घास घ्यायचा म्हणजे बोटं मिटायची. मग ही रोज बोटं उघडतेय कशाला? त्यांनी हवेत भात कालवून घास घेऊन दाखवला. तुमच्या आजोबांनी तसंच करून पाहिलं. सासूबाईंनी केलं, आत्याबाईंनी केलं, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या वन्संनीही केलं. मीही केलं. जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही सगळी शहाणी माणसं मान हलवत हवेतला भात खात होतो, आणि प्रत्येकाची बोटं खरोखरच मिटत होती.

"ती काट्याचमच्याने जेवते," आत्याबाईंनी निकाल दिला. "तिला घासातलं काय कळणार?"

मी म्हणाले की मिसला विचारून मग बदलू. काका म्हणाले, "सूनबाई, तिला वाईट वाटेल." तिच्या भावना जपण्यासाठी पट्ट्या त्याच संध्याकाळी हाताच्या आतल्या बाजूला गेल्या.

काय सांगू, परिणाम दृष्ट लागण्यासारखा झाला. पेटी कुरकुरली की मूठ कचकन मिटे. काकांनी मुठीत लिंबू ठेवलं तर ते पडलं नाही. वेलची केळं ठेवलं, त्याचा लगदा झाला. सगळ्यांनी वाहवा केली, आणि मिसच्या दोन्ही वारांना सासूबाईंनी "आज यांना बरं नाही" असा निरोप दिला, म्हणजे एकदम चमत्कारच दाखवता येईल. रोज सकाळ-संध्याकाळ मूठ मिटवण्याचा कार्यक्रम चालला. मामंजी मात्र त्या दिवसांत गप्प होत गेले. विचारलं तर हात दुखतो म्हणत. पुढच्या रविवारपर्यंत पेटी बंद केल्यावरही मूठ उघडेनाशी झाली. आंघोळीच्या वेळी सासूबाईंनी एकेक बोट सोडवायचा प्रयत्न केला तेव्हा ते कण्हले. नखांच्या खुणा तळहातात उमटल्या होत्या. नागपूरचे व्याही यायला थोडेच दिवस उरले होते.

सोमवारी मिस न बोलावता आली. तिने पंचा बाजूला केला, मूठ पाहिली, हाताच्या आतल्या बाजूला पट्ट्यांचे ओले वळ पाहिले.

"हे कोणी केलं?" तिने इंग्रजीत विचारलं. भाषांतराची गरज पडली नाही. आजोबांनी आत्याबाईंकडे पाहिलं, आत्याबाईंनी देवाकडे. डमडमचे काका नेमके त्या दिवशीही आले होते, ते पंख्याकडे बघत राहिले. मिस म्हणाली की झटक्यानंतर मिटणारे स्नायू आपणहोऊनच घट्ट व्हायला लागतात आणि उघडणारे दुबळे राहतात. दुबळ्याला मदत करायची, दांडग्याला नाही. तुम्ही दांडग्याला रोज दोन वेळा खुराक दिलात. मग तिने वायरी गुंडाळायला घेतल्या. तिच्या मते या घरात पेटीची गरज नव्हती, कुलपाची होती.

सासूबाईंनी माझा हात धरला. "तिला सांग ना गं, आम्ही त्यांना जेवता यावं म्हणूनच केलं."

मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात मामंजी बोलले. इंग्रजीतच बोलले, झटका आल्यापासून पहिल्यांदा, एकेक शब्द ओढून आणल्यासारखा.

"मिस, थांबा," ते म्हणाले. "तारेची कळ दाबलीच राहिली तर निरोप जात नाही. सोडावी लागते. सोडली की अक्षर होतं." मग काकांकडे वळून मराठीत, "तुम्हाला हे पहिल्या वर्षी शिकवलं होतं मी."

काका उभे राहिले. "हो, साहेब."

"तुमच्या लक्षात नाही राहिलं. माझ्याही नाही राहिलं." त्यांनी दम घेतला. "मिस सांगतील तिथे बांधायचं. आणि आजपासून मला कोणी भरवायचं नाही. ताट ठेवा आणि हात लावू नका."

"आणि उपाशी राहिलात तर?" सासूबाई म्हणाल्या.

"तर राहीन."

मिसने हे माझ्याकडून समजून घेतलं आणि गुंडाळलेल्या वायरी पुन्हा सोडल्या.

त्यानंतरचे दिवस घरात सगळ्यांत अवघड गेले ते सासूबाईंना. मिस रोज येऊ लागली. आधी कोमट पाण्यात हात बुडवून मूठ सैल करायची, मग पाठच्या बाजूला पट्ट्या, आणि पेटी कुरकुरली की मामंजींनी स्वतःला मोठ्याने "सोड" असा हुकूम करायचा. जेवणाच्या वेळी समोर मऊ भात, आणि डावा हात उजव्याच्या कोपराखाली टेकूला. भात अंगावर सांडे, मांडीवर सांडे, थोडा तोंडात जाई. मधेच बोटं घासावर मिटून बसत आणि उघडत नसत. मग त्यांनी "सोड, सोड" म्हणत तोंडाशी हात नेऊन वाट बघायची, आणि सासूबाईंनी समोर पदराखाली दोन्ही हात एकमेकांत अडकवून बसायचं. पहिले दोन दिवस ते अर्धपोटी उठले. आत्याबाई स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाल्या की मिसला ख्रिस्ती लोकांसारखं मन नाही. मी म्हणाले, ती ख्रिस्तीच आहे. त्या म्हणाल्या, म्हणूनच नवल.

हात पुरता काही आला नाही. तुम्हाला खोटं सांगत नाही, अंगठा शेवटपर्यंत आळशीच राहिला आणि सदऱ्याची गुंडी त्यांना कधी लावता आली नाही. पण संक्रांत झाली तोवर पेटीशिवाय चार बोटं अर्धी उघडू लागली होती, आणि त्या अर्ध्यात एक लहान घास मावत होता.

नागपूरचे व्याही आले. मोठे, गोरे, बोलके गृहस्थ. ते येण्याआधीच आम्ही मामंजींना टेबलाशी बसवून ठेवलं होतं, काठी दाराआड. पानं वाढली, मंत्र झाले, दोघे शेजारी शेजारी जेवू लागले. व्याही बोलत होते आणि जेवत होते. मामंजी फक्त जेवत होते. घास घ्यायचा, कोपराला टेकू द्यायचा, तोंडाशी न्यायचा, थांबायचं, सोडायचं. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, पण आवाज नव्हता. व्याह्यांचं पान रिकामं झालं तेव्हा मामंजी वरणभातावरच होते. शेजारचा जेवत असताना उठायचं नाही ही रीत दोघांनाही ठाऊक, म्हणून व्याही बसून राहिले, आणि बसलेल्या पाहुण्याचं पान रिकामं ठेवायचं नाही ही आत्याबाईंची रीत. त्यांनी श्रीखंड वाढलं. मग पुरी. मग परत श्रीखंड. व्याह्यांनी पानावर आडवा हात धरला तर बोटांमधून वाढलं. एकदा मामंजींचा हात तोंडाशी जाऊन अडकला, बोटं उघडेनात. मी भाताचं भांडं घेऊन दारात उभी होते. सासूबाईंचा हात पदरातून बाहेर आला. मामंजींनी फक्त डोळे वळवले. हात परत पदरात गेला. मग बोटं उघडली.

शेवटचं शीत उचलून ते थांबले तेव्हा व्याह्यांना श्वास घेणं अवघड झालं होतं.

तारीख ठरली. जाताना जिन्यात त्यांनी तुमच्या आजोबांचा हात धरला आणि आवाज खाली आणून सांगितलं की आपल्याला हे घर फार आवडलं. तुमचे वडील किती शांतपणे जेवतात. आमच्याकडे सगळे गिळून उठतात. अशा वळणाच्या घरातली मुलगी हवी होती.

आजोबांनी वर येऊन हे शब्द जसेच्या तसे सांगितले. सासूबाईंनी डोळे पुसले. मामंजींचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

"म्हणजे त्याच्या लक्षातच आलं नाही?" ते म्हणाले.

"नाही, काहीच नाही," आजोबा आनंदाने म्हणाले.

"इतके दिवस मी सोड, सोड करतोय. ती बाई रोज जिने चढतेय. आणि हा माणूस मांडीला मांडी लावून बसला आणि त्याला दिसलं नाही?"

"अहो, तुम्हाला हेच तर हवं होतं," सासूबाई म्हणाल्या.

"हवं होतं," मामंजी म्हणाले. त्यांनी डाव्या हाताने उजवा उचलून टेबलावर ठेवला, बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "पण हाताला काय झालंय हो, असं एकदा तरी विचारायचं."